स्क्रीन चालू आहे

जावयाला दहावा ग्रह म्हणतात ते उगीच नाही. बाकीचे नऊ निदान आपापल्या वाटेने फिरतात. हा थेट सुनेच्या टेबलाखाली शिरला होता.

वीज गेली की तिचा कॉम्प्युटर धाडकन बंद पडायचा, म्हणून घरात यूपीएस आणला होता आणि तो जोडायला थोरल्या नणंदेचे यजमान जातीने आले होते. त्यांनी वीज खात्यात बत्तीस वर्षं काढली होती. त्यामुळे विजेचा विषय निघाला की सासूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत. तिथे ते बत्तीस वर्षं तक्रारींचे कागद फायलीला लावत होते, हे सुनेला ठाऊक होतं. पण उथळ पाण्याला खळखळाट फार. यूपीएसचं माहितीपत्रक त्यांनी न उघडताच बाजूला सारलं, हे अडाण्यांसाठी असतं म्हणाले आणि दहा मिनिटांत वायरी खुपसून हात झटकले. स्वतःचा एक चार्जरही तिथेच ठेवून गेले, आलं-गेलं की लागतो म्हणून.

पत्रक तिने त्याच संध्याकाळी वाचलं. यूपीएसच्या सहा सॉकेटांपैकी तीनच बॅटरीवर चालत होती. उरलेली तीन वीज गेली की मेली. वाकून एकदा बघावं, असं तिच्या मनात आलं. पण जावयाची चूक काढली की सासूबाईंचं तोंड आठवडाभर फुगणार. शिवाय माणूस कितीही फुशारकीचा असला तरी एवढं साधं जमलं असेल, असं तिला वाटलं. तिने पत्रक खणात टाकलं.

चार दिवसांनी, गुरुवारी, तिला पाच वाजेपर्यंत एका डॉक्टरीणबाईंना दवाखान्याचा नकाशा पाठवायचा होता. बारा वर्षं तिने दुसऱ्यांच्या नावावर नकाशे काढले होते; हा पहिला तिच्या स्वतःच्या नावाचा. बाईंनी दोघांकडून नकाशे मागवले होते आणि पाचनंतर आलेला बघणार नाही, असं बजावलं होतं. सकाळपासून सहा तास खपून तिने तपासणीची खोली, जिना, व्हीलचेअरचा उतार, सगळं नव्याने बसवलं होतं. सव्वाचार वाजले होते.

तेवढ्यात जावई चहाला टपकले. मोबाइल आपल्या चार्जरला लावला आणि सासूबाईंना आपली करामत दाखवायला ते मेन स्विचकडे निघाले. दोन मिनिटं थांबा, सेव्ह करू द्या, असं ती म्हणाली. मग यूपीएस काय शोभेला लावलाय का, असं त्यांनी विचारलं. ती सेव्ह करते न करते तोच त्यांनी स्विच खाली ओढला.

पंखा थांबला. स्क्रीन मात्र लख्ख.

"बघा," ते सासूबाईंना म्हणाले. "स्क्रीन चालू आहे."

चालू होतीच. निळ्या रंगावर 'सिग्नल नाही' एवढीच अक्षरं होती, आणि टेबलाखालच्या सीपीयूची घरघर थांबली होती. सासूबाईंनी कौतुकाने मान हलवली.

स्विच पुन्हा वर केल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला, पण सेव्ह होता होता अर्धवट राहिलेली फाईल उघडेना. पेनड्राइव्हवर कालची प्रत होती. आजचे सहा तास पाण्यात गेले. तिने डॉक्टरीणबाईंना फोन करून उद्यापर्यंतची मुदत मागितली. मग त्या दुसऱ्यांचाच नकाशा घेते, असं त्या अगदी सभ्यपणे म्हणाल्या. इकडे जावयांनी निदान केलं की कॉम्प्युटरच जुना आहे. तिला त्यांचा रागसुद्धा आला नाही, नुसता वीट आला. आणि खणातल्या त्या पत्रकापायी थोडा स्वतःचाही.

"बरं झालं, जावईबापू होते," सासूबाई म्हणाल्या. "नाहीतर स्क्रीनसुद्धा गेली असती."

ती टेबलाखाली शिरली. बॅटरीच्या तीन सॉकेटांत एकात स्क्रीन होती, एकात स्पीकर होते आणि तिसऱ्यात जावयांचा चार्जर. सीपीयूची वायर पलीकडच्या मेल्या रांगेत. तिने चार्जर उपटला आणि त्याच्या जागी ती वायर खोचली.

"अगं, राहू दे," वरून जावयांचा आवाज आला. "मोबाइल अजून नव्वदच टक्के झालाय."

ती बाहेर आली. चार्जर गुंडाळून तिने त्यांच्या हातात ठेवला.

"घेऊन जा, भावोजी. आज या घरात तेवढंच वाचलंय."