बगळ्यांचा शेवटचा आठवडा

"खालीच टाक. मातीत पडू दे," तोंडावरची जाळी वर सरकवत ऑरिन म्हणाला.

एलाडिओने चेंडू बोटांत फिरवला. "आणि तुझ्या मागे गेला तर?"

"मी काय शोभेला बसलोय तिथे?"

"तसं नाही रे म्हाताऱ्या..."

"मग टाक की."

तिन्ही बेसवर डल्बीचे खेळाडू उभे होते. केर्नी फॉल्सचा बेसबॉल संघ फक्त एका धावेने पुढे होता. फलंदाजामागे बसणाऱ्या कॅचरच्या, म्हणजे ऑरिनच्या, मागे चेंडू निसटला असता, तर ती आघाडी गेलीच असती. संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. एप्रिलपासून ते हरतच आले होते. डल्बी तक्त्यात सगळ्यांच्या वर, आणि विजेतेपदाला त्यांना एकच विजय हवा होता. तो मिळवायला ते इथे आले होते, निवांत, जावई सासुरवाडीला यावा तसे.

"अरे बगळ्यांनो, एखादा तरी मासा पकडा!" स्टँडमधून डेल्मर आजोबा ओरडले. हे ते दरवर्षी ओरडत. आज मात्र आवाजात टोमणा कमी आणि विनवणी जास्त होती.

ऑरिन प्लेटमागे, म्हणजे घरच्या बेसमागे, उकिडवा बसला. एलाडिओचा चेंडू वेगाने आला आणि शेवटच्या क्षणी खाली कोसळला. डल्बीच्या सगळ्यात तगड्या फलंदाजाची बॅट हवेत फिरली. चेंडू मातीत आपटून ऑरिनच्या गळ्याखाली बसला आणि पुढ्यात पडला. त्याने तो उचलला आणि तिसऱ्या बेसवरचा खेळाडू पोचायच्या आत प्लेटवर पाय ठेवला. तिसरा गडी बाद. डाव संपला. पुढच्या डावातही डल्बीला काही करता आलं नाही, आणि बगळे जिंकले.

लॉकर-रूममध्ये पोरं अशी ओरडत होती, जणू विजेतेपद त्यांनाच मिळालंय. मॅनेजर हॉलिस ब्रँटने ऑरिनला बाजूला घेतलं.

"रविवारी तुझा शेवटचा सामना. सुरुवातीलाच तुझं नाव पुकारायला सांगतो. गाव उभं राहील बघ."

ऑरिन टॉवेलने मान पुसत राहिला. मग म्हणाला, "रविवारी माझ्या जागी वेंडेलला खेळव."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ते पोरगं अजून चेंडूला डोळे मिटतं."

"म्हणूनच. एलाडिओ फक्त मला खाली टाकतो. वेंडेल असला की घाबरून वर टाकतो आणि मार खातो. पुढच्या वर्षी मी नसेन, हॉलिस. हे दोघं असतील. डल्बीसमोर शिकले तर शिकतील."

हॉलिसने मान डोलावली. "लोरेटाला तू सांग. मी नाही सांगणार."

ऑरिनची बायको लोरेटा अंगणात वाळलेले कपडे काढत होती. ऐकून तिने हातातली चादर टोपलीत टाकली.

"माझी बहीण अख्खं राज्य ओलांडून येतेय. कशाला? तुला बाकावर बसलेलं बघायला?"

"बाकावरूनही बरा दिसतो मी."

"काही बरा दिसत नाहीस," ती म्हणाली. पुढचा चिमटा तिने जरा जोरातच ओढला. मग हळू आवाजात विचारलं, "तुला चालेल?"

"नाही चालणार," ऑरिन म्हणाला. "पण हेच बरोबर आहे."

रविवारी दुपारी स्टँड भरला होता. शेवटच्या डावात बगळे पुन्हा एका धावेने पुढे होते. एलाडिओ चेंडू टाकायला आला. डल्बीचा एक खेळाडू तिसऱ्या बेसवर पोचला होता. एलाडिओने चेंडू खाली टाकला. वेंडेलने मान वळवली, चेंडू निसटून मागच्या जाळीवर आपटला, तिसऱ्या बेसवरचा खेळाडू धावत घरी पोचला आणि सामना बरोबरीत आला.

"ऑरिनला आणा!" लोक ओरडू लागले. "ऑ-रिन! ऑ-रिन!"

हॉलिसने बाकाकडे पाहिलं. ऑरिनने मान हलवली: नाही.

एलाडिओही त्याच्याकडेच बघत होता. ऑरिनने आपल्या छातीवर थाप मारली आणि बोट जमिनीकडे केलं. एलाडिओने ओठ चावले, आणि चेंडू पुन्हा खाली टाकला, आधीपेक्षाही खाली. या वेळी वेंडेलने सगळं अंग चेंडूपुढे घातलं. दणका बाकापर्यंत ऐकू आला. चेंडू त्याच्या गुडघ्यापाशी पडला होता आणि त्याचे डोळे उघडे होते. फलंदाज बाद झाला. एलाडिओ तोंड मिटून हसला.

बगळे हरलेच, पण जादा डावांत, एका धावेने. डल्बीचा मॅनेजर हॉलिसचा हात दाबत म्हणाला, "पुढच्या सप्टेंबरात तुमच्या गावी यायची माझी इच्छा नाही, बाबा." डेल्मर आजोबा काही ओरडले नाहीत. टोपी काढून उभे राहिले, आणि त्यांना बघून बाकीचे टाळ्या वाजवत उठले. टाळ्या कुणासाठी होत्या हे कुणी सांगितलं नाही.

आत वेंडेल बाकड्यावर बसला होता. चेंडूने उजव्या हाताची बोटं सुजली होती, पायांवरच्या ढालींचे पट्टे सुटत नव्हते. डोळे पाणावले होते.

"माझ्यामुळे गेला ना सामना?"

"हो, तुझ्यामुळे गेला," ऑरिन म्हणाला. "आणि नंतर एवढे जादा डाव टिकला, तोही तुझ्यामुळेच."

बाहेरून लोरेटाची हाक आली. "आलो," तो म्हणाला, आणि पोराच्या पुढ्यात जमिनीवर बसून एकेक पट्टा सोडवू लागला.