लोटून ठेवलेलं दार

घरात काही बिघडलं की आपली नजर आधी घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाकडे जाते. नळ ठिबकत राहिला, दिवा जळत राहिला, दार उघडं राहिलं, की आपण म्हणायला मोकळे, "त्यांना हल्ली काही आठवत नाही." या घरातही तसंच झालं.

घरातला मुलगा डिझायनर होता. डबे, दिवे, खुर्च्या अशा रोजच्या वस्तूंना नवं रूप द्यायचं हे त्याचं काम. त्याने केलेली दाराची एक मूठ भलतीच गाजली. गोल, गुळगुळीत, चकचकीत, कुठे सांधा नाही की स्क्रू नाही. तिला बक्षीस मिळालं आणि त्या आनंदात स्वारीने घरातल्या झाडून सगळ्या दारांना तीच मूठ बसवली. आईने लांबूनच पाहिली आणि "छान झालीय हो," म्हणाली.

तेव्हापासून आई दारं लावायची विसरू लागली. खोलीचं दार अर्धवट, बाथरूमचंही अर्धवट. एका दुपारी तर पुढचं दार उघडं राहिलं आणि नात, जिला सगळे भिंगरी म्हणत, रांगत रांगत थेट जिन्यापर्यंत पोचली. शेजारणीने उचलून आणली म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी मुलाने आणि सुनेने ठरवलं की भिंगरीला आता पाळणाघरात ठेवायचं.

"तुम्हाला योग्य वाटेल तसं करा," आई म्हणाली. मग ती भिंगरीच्या झबल्यांच्या घड्या घालत बसली. घातलेल्या घड्या मोडून पुन्हा घालत होती. दुपारी भिंगरीला मांडीवर घेऊन बसणं एवढंच तिचं सुख होतं आणि तेही आता चाललं होतं.

पाळणाघर सुरू व्हायच्या आदल्या सकाळी मुलाला बाथरूमच्या चौकटीत काहीतरी दिसलं. दार ज्या खाचेत अडकतं, तिथे कापडाची छोटी घडी कोंबलेली होती. हे इथे कोणी कोंबलं, असं म्हणत त्याने ती काढून टाकली आणि कामाला बसला.

थोड्या वेळाने आई आंघोळीला गेली. दार लागल्याचा खट्ट आवाज झाला. बऱ्याच वेळाने आतून मूठ फिरल्याचा आवाज येऊ लागला. थोडी फिरायची आणि सटकून मागे यायची.

"आई, काय चाललंय?"

"काही नाही रे."

पुन्हा तोच आवाज. मग आतून अगदी हळू, कोणाला त्रास नको अशा बेताने, "जरा बाहेरून उघडतोस का, बाळा?"

त्याने दार उघडलं. आईने मुठीला टॉवेल गुंडाळला होता. बोटं लालभडक झाली होती. या बोटांनी तिने कचेरीत जन्मभर टंकलेखन केलं होतं, त्यावर घर चालवलं होतं आणि याला डिझायनर केलं होतं. आता त्यांचे सांधे सुजून वाकडे झाले होते.

"ती घडी तू ठेवली होतीस?"

"दार पक्कं लागू नये म्हणून."

"मग पुढचं दारही तू विसरत नव्हतीस!"

"विसरेन कशी? दुपारी आम्ही दोघीच असतो. पोरीला काही झालं, तिला घेऊन धावायचं झालं आणि दारच उघडलं नाही तर? म्हणून लोटून पुढे खुर्ची लावायचे. त्या दिवशी बयेने खुर्चीच सरकवली."

ज्याला तो विसरभोळेपणा म्हणत होता, ती तिची काळजी होती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? अख्ख्या जगाने नावाजलेली मूठ. तिच्यात कसला दोष? म्हटलं, माझेच हात कामातून गेले." ती हसली. "दिसते सुरेखच हो. पण तू ती डोळ्यांना दाखवलीस रे. हातांना कुठे विचारलंस?"

तो बाथरूममध्ये गेला, दार ओढून घेतलं आणि हाताला साबण लावून मूठ धरली. सटकली. पुन्हा धरली, पुन्हा सटकली. बक्षीस मिळवणारा माणूस स्वतःच्या बक्षिसामागे अडकून पडला होता. शेवटी आईला हाक मारून म्हणाला, "तुझ्या सुनेला सांग, पाळणाघर रद्द. आणि मला बाहेर काढा."

नंतर त्याने लाकडाची नमुन्याची हँडल्स केली, लांबट, नुसतं दाबलं की उघडणारी. पण या वेळी पहिली परीक्षक आई होती. ओल्या हातांनी, तेलकट हातांनी, भिंगरीला कडेवर घेऊन कोपराने, तिने सगळ्या तऱ्हांनी दार उघडून पाहिलं. "हे टोचतंय," म्हणून एक परत केलं. "यात बाही अडकते," म्हणून दुसरं. तिसरं पसंत पडलं, तेही अटीवर. "जरा वर बसव. उद्या ही उभी राहील, तिचा हात पोचायला नको." ती गोल मूठ आता कागदांवर वजन म्हणून ठेवलेली असते आणि तिथे ती खरंच सुंदर दिसते.

आपल्याही घरात असं एखादं झाकण, एखादा नळ, एखादी पायरी असेल, जिच्यापुढे कोणीतरी गुपचूप हार मानलेली आहे आणि दोष स्वतःकडे घेतला आहे. त्या माणसाला नावं ठेवण्याआधी ती वस्तू एकदा त्याच्या हातांनी वापरून पाहू या. आणि काही नवं करायचं झालं, तर आधी त्यालाच विचारू या.

हँडल बसलं त्या दिवशी आई बाथरूममध्ये गेली आणि मुलाच्या तोंडावर दार लावून घेतलं. खट्ट.

"आई, उघडतंय ना?" तो बाहेरून म्हणाला.

"उघडेन की," आतून आवाज आला. "किती दिवसांनी दार लावून बसलेय. आता घाई करू नकोस."

तो तिथेच, बंद दाराला पाठ टेकून, भिंगरीला मांडीवर घेऊन बसला.