तू चालत नाहीस

मास्तरच्या मृत्युपत्रावर सही करायची म्हणून मी तीन दिवस कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर हात बसवत होतो. माझी शाळा चौथीतच सुटली. किल्ली डोळे मिटून घासतो, पण पेन हातात आलं की बोटं म्हशीसारखी बसकण मारतात.

मास्तर म्हणजे माझ्या दुकानाला लागून राहणारा शिंपी. बायको गेलेली, मुलगी लांब परगावी. सत्तावीस वर्षं रोज दुपारी मी त्याच्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत. चहा झाला की तो मधल्या भिंतीवर कात्रीची मूठ ठोकायचा, की मी हजर. छातीचं दुखणं निघालं तसा त्यानं वकील बोलावला. दोन साक्षीदार लागणार, असं कळलं. म्हटलं, एक तर मी आहेच.

धुतलेला सदरा चढवून गेलो, तर खोलीत इस्त्रीवाला आणि औषधाच्या दुकानातला, दोघं ऐटीत बसलेले!

"तू कशाला आलास रे, किल्ल्या?" मास्तर म्हणाला.

"सही करायला."

तो वकिलाकडे बघून हसला. "तू चालत नाहीस."

"आणि हा इस्त्रीवाला चालतो? तुझी पँट जाळली होती यानं!"

"एकदाच जाळली," इस्त्रीवाला पुटपुटला.

"तो चालतो, तू नाही. जा, दुकान उघडं टाकून आलायस. मग सांगतो."

चालत नाही! खोटं नाणं चालत नाही, चुकीची घासलेली किल्ली चालत नाही. अडाणी म्हणून चार लोकांत माझी किंमत काढली, असंच वाटलं मला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं भिंत ठोकली. मी कानस जोरात चालवली. सहा दिवस ठोकत होता बिचारा. सातव्या दिवशी मी एकाचं अडकलेलं कपाट उघडून आलो, तर मास्तरच्या दाराला कुलूप. मीच बसवलेलं.

"दवाखान्यात नेलं," इस्त्रीवाला म्हणाला.

उद्या जाऊ, म्हटलं. अजून थोडा राग शिल्लक होता ना! मास्तर त्या उद्यापर्यंत थांबला नाही.

मुलगी आली. वकिलानं कागद वाचला. घर मुलीला. "पुढची खोली आणि खिडकीजवळची खुर्ची मात्र शेजारच्या किल्लीवाल्याला, तो जिवंत असेपर्यंत, दुपारी बसायला. त्याला कोणी उठवायचं नाही."

"तरी मला चालत नाहीस म्हणाला?" मी वकिलाला विचारलं.

"ज्याला काही मिळणार असतं," तो म्हणाला, "तो साक्षीदार चालत नाही."

"मग मला सांगायचं नाही का!"

मुलगी डोळे पुसत हसली. "बाबा म्हणायचे, काकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आधी कळलं तर गल्लीभर करतील."

कागद मिळाल्याची सही मागितली. झकास आली, एका झटक्यात. तीन दिवसांचा सराव होता.

आता रोज दुपारी दुकान बंद करून मी तिथं जाऊन बसतो. कोणी उठवत नाही. कात्री खिळ्यावर तशीच टांगलेली आहे. काल उठून भिंतीवर तिची मूठ ठोकून बघितली. जरा वेळ थांबलो, परत ठोकली.

पलीकडे माझंच दुकान. तिथून कोण येणार?