निम्म्यावर बसणारा काटा

"दाबा! अजून दाबा!" मिस्त्री ओरडला. त्याच्या मांडीवर दाब मोजायचं घड्याळ होतं आणि घड्याळाची नळी खिडकीतून बोनेटखाली गेली होती.

गाडी साडूची आणि चालवतही साडूच होता. हा गृहस्थ नोंदणी कार्यालयात कारकून. आयुष्यात एक स्क्रू फिरवलेला नाही, पण वाचायचा सगळं, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा. पंधरा दिवसांपूर्वी सासऱ्यांकडे जेवताना तो म्हणाला होता, "कुठंतरी पाइप फाटला असेल." मिस्त्रीने चौदा माणसांसमोर त्याला गप्प केलं, "साडूभाऊ, तुम्ही शिक्के मारा. टर्बो गेलाय." सासूबाईंना हसून हसून ठसका लागला. इंजिनात हवा कोंबणारा तो टर्बो बदलला. गाडी चढावर धापा टाकतच राहिली.

उभ्या गाडीत काही कळेना. ओझं ओढल्याशिवाय टर्बो जोर लावत नाही. म्हणून हा चढ.

काटा सरसर वर गेला, निम्म्यावर आला आणि मटकन खाली बसला.

"परत एकदा!"

परत तेच. मिस्त्रीचे डोळे चमकले. टर्बो मेलेला असता तर काटा इतका तरतरीत उठलाच नसता. हवा भरत होती आणि जरा दाटली की कुठून तरी पळत होती. पण कुठून?

चढ संपल्यावर त्याने बोनेट उघडलं आणि इंजिनाकडे जाणाऱ्या जाड रबरी पाइपाच्या पोटाखालून बोट फिरवलं. तेलकट, नखाएवढी चीर. एरवी ओठ मिटून बसणारी, दाब आला की तोंड उघडणारी. सासरच्या काही मंडळींसारखी.

"काय हो, नवापण गेला का?" साडूने पलीकडून विचारलं.

पाइप गुपचूप बदलून 'नवा टर्बो रुळायला वेळ घेतो' म्हटलं असतं, तर वीस वर्षांचा शब्द शाबूत राहिला असता. मिस्त्रीने हात पुसले.

"साडूभाऊ, इकडे या. बोट लावा."

"हे काय?"

"तुमचा पाइप."

साडूला हसता आलं असतं. तो चाचपत राहिला. "एवढीशी? मग निम्म्यापर्यंत दाब टिकतो कसा?"

"तोवर ती मिटलेली असते."

"म्हणजे जुना टर्बो..."

"ठणठणीत होता. मीच काढला."

एवढ्यात साडूच्या बायकोचा फोन आला. सासऱ्यांकडे सगळे जेवायला खोळंबले होते.

"सापडलं गं. किरकोळच होतं," साडू म्हणाला.

मिस्त्रीने फोन मागून घेतला. "मेहुणीबाई, सगळे बसलेत ना? मग जरा स्पीकर लावा."

आणि पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबेपर्यंत तो वाट पाहत उभा राहिला.