पडदा वर जाईपर्यंत

मोठ्या शहरात एक दिवस जाऊन यायचं, हे त्या घरात कित्येक वर्षं नुसतंच बोललं जात होतं. दर वेळी कुठे ना कुठे घोडं अडायचं. कधी टिटवीला ताप यायचा, कधी दुकानाचं भाडं वाढायचं, कधी सूनबाईला खानावळीतून सुट्टी मिळायची नाही. या खेपेला सूनबाईने आधी सुट्टी मंजूर करून घेतली आणि मग घरात विषय काढला. सुट्टी पदरात पडली की नवऱ्याला नाही म्हणायला जागा उरत नाही, एवढं ती संसारात शिकली होती.

नवरा चौकात किल्ल्या बनवायचा. सगळा मोहल्ला त्याला किल्लीवाला म्हणायचा. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण पैशाचं नाव काढलं की कपाळाला आठी. "याने आपल्या खिशाला कुलूप घातलं आणि किल्ली मुद्दाम हरवली," असं त्याची आईच म्हणायची.

संध्याकाळी जेवणं उरकल्यावर सूनबाई म्हणाली, "हे बघा, एकच दिवस आहे. प्रत्येकाने एकच गोष्ट मागायची. जमेल तेवढं स्वस्तात बसवू."

टिटवी म्हणजे घरातली मुलगी. जन्मली तेव्हापासून तिची टिवटिव थांबलेली नव्हती, म्हणून हे नाव. तिने लगेच सांगितलं, "मला जिराफ."

"आत जायला तिकीट पडतं," किल्लीवाला म्हणाला. "जिराफ उंच असतो. कुंपणाबाहेरूनही मान दिसेल."

"बाबा, मला अख्खा जिराफ बघायचाय."

"बरं बाई, अख्खा. मी आपला मोठ्या पुलावरून चालत जाणार. पूल फुकट आहे."

सूनबाईची मागणी तिच्या मनात केव्हाची तयार होती, तरी बोलताना ती जरा लाजलीच. "मला एकदा हॉटेलात टेबलाशी बसून जेवायचंय. मी बसायचं आणि दुसऱ्या कुणीतरी वाढायचं." कारखान्याच्या खानावळीत ती रोज शेकडो ताटं वाढायची. स्वतःचं जेवण उभ्या उभ्या, भांड्यांच्या शेजारी. किल्लीवाला नाही म्हणाला नाही. नुसती मान खाजवली, म्हणजे मंजूर.

"आणि आई, तुम्हाला काय?"

सासूबाई लसूण सोलत होत्या. "मला काय करायचंय? तुम्ही जा, मी घर राखते."

"घर कुठे पळून चाललंय?"

"मग येते. पण मला काही नको."

एवढ्यावर बेत ठरला असता. पण दुसऱ्या दिवशी घाई आली.

घाई ही सासूबाईंची जुनी सोबतीण. दोघींनी सगळं आयुष्य एकाच पडद्यांच्या कारखान्यात काढलं. ही भराभर टाके घालायची म्हणून घाई, आणि सासूबाई बारीक टाका घालत सावकाश पुढे सरकायच्या म्हणून मुंगी. आता घाईचे गुडघे गेले होते, जिभेचं मात्र काही बिघडलं नव्हतं. उंबऱ्याबाहेरूनच तिचं सुरू झालं.

"मुंगे, ऐकलंस का? आपला लाल पडदा उतरवतायत. कटिंग मास्तर भेटले होते, त्यांनी सांगितलं. हा हंगाम संपला की नवा येणार, मशीनवरचा."

सासूबाई तांदूळ निवडत राहिल्या. "उतरवू देत. किती वर्षं झाली त्याला. कापूस तरी टिकतो का एवढा?"

"मखमल होती ती, कापूस म्हणे! आता कुणाला कळणार नाही, तुझी बाजू लोंबत होती ते."

"माझी? माझी बाजू लोंबते? तू वजनं कशी भरलीस ते मी बघितलंय. कुठे मूठभर, कुठे चिमूटभर."

सूनबाई चहा ठेवत होती. हे भांडण तिने लग्न होऊन आल्यापासून ऐकलं होतं आणि ते तिला अगदी पाठ होतं. मोठ्या शहरातल्या नाट्यगृहाचा लाल पडदा या बायकांच्या कारखान्यात शिवला गेला. पडदा एवढा मोठा आणि कारखान्याचं छप्पर एवढं ठेंगणं, की तो तिथे कधी उलगडलाच नाही. जिच्या मांडीवर जेवढा तुकडा, तेवढाच तिचा पडदा. शिवून झाला की गुंडाळायचा, पुढचा ओढायचा. खालच्या कडेत शिशाची वजनं भरून वरून हाताने तुरपाई करायची, म्हणजे पडदा सरळ पडतो. हे काम या दोघींचं. एक उजव्या टोकाकडून निघाली, एक डाव्या. मध्ये गाठ पडली, दोरा तुटला आणि ओंडक्यासारखा गुंडाळलेला पडदा ट्रकमध्ये चढवून लोक घेऊनही गेले. कुणाची बाजू सरळ, कुणाची लोंबती, याचा निकाल आजवर लागलेला नव्हता. दोघींपैकी एकीनेही तो पडदा टांगलेला पाहिला नव्हता.

"तुम्ही येता का आमच्याबरोबर?" सूनबाईने घाईला विचारलं. "आम्ही जाणारच आहोत."

"या गुडघ्यांनी? आणि बघायचं काय त्यात? माझी बाजू सरळ आहे, मला माहीत आहे. जिला शंका आहे तिने जावं."

घाई गेली. मग कपबशा विसळता विसळता, जणू हवापाण्याचं बोलावं तसं सासूबाईंनी विचारलं, "आपली गाडी त्या नाट्यगृहाच्या दारावरून जाते का गं?"

बस्स. सूनबाईला काय समजायचं ते समजलं. ज्या बाईने आजवर स्वतःसाठी साधी चप्पल मागितली नाही, तिने याहून जास्त तोंड उघडलं नसतं. आणि हंगाम संपला की विचारून उपयोगही नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याच्या दुकानी गेली. तो कानस घेऊन किल्लीचे दाते घासत होता.

"अहो, आईंना पडदा दाखवायचाय."

"दाखवू की. दुपारी दरवानाला हात जोडू. दार किलकिलं करून बघितलं की झालं. फुकटात काम."

"नुसता लटकलेला बघून काय कळणार? आई म्हणतात, कड सरळ आहे की नाही ते पडदा उचलला की कळतं. जमिनीवर टेकलेला असतो तेव्हा सगळं झाकून जातं. म्हणजे खेळालाच जायला हवं."

"खेळाला? खेळ संध्याकाळी. आपली स्वस्तातली शेवटची गाडी खेळ सुरू झाला की लगेच सुटते. नाटक बघणार कधी?"

"नाटक नाही बघायचं. पडदा वर गेला की निघायचं."

किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली. "म्हणजे चौघांनी नाटकाची तिकिटं काढायची, पडदा बघायचा आणि नाटक सुरू झालं की उठून यायचं? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. लोक काय म्हणतील?"

"लोकांना आपण कुठे ओळखतो? सगळ्यात वरच्या सज्ज्यातली काढा, स्वस्त असतात."

"तरी बसत नाही गं. जिराफ, गाडीभाडं, तुझं हॉटेल..."

"माझं हॉटेल काढून टाका."

ती काउंटरवरचा किल्ल्यांचा झुबका उगाच सरळ करत होती. "डबा नेऊ," ती म्हणाली. "बाहेरचं खाऊन टिटवीचं पोटही बिघडतं."

"तुला तर किती दिवसांपासून..."

"आता काय मी म्हातारी झाले का? हॉटेल काही कुणी उतरवत नाही."

ठरल्या दिवशी भल्या सकाळी चौघं साध्या गाडीने निघाले. सासूबाईंना पडद्याचं गाडीत सांगितलं, कारण आधी सांगितलं असतं तर त्या आल्याच नसत्या. "वेडी झालीस का?" एवढंच त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. पुढे उतरेपर्यंत त्यांनी टिटवीच्या एकाही प्रश्नाला धड उत्तर दिलं नाही.

पूल चालून झाला. किल्लीवाल्याने त्याचा प्रत्येक कठडा असा निरखला, जणू उद्या त्याला तसाच बांधायचा होता. मग प्राणीसंग्रहालय. जिराफ नेमका खाली बसलेला होता.

"बघा बाबा," टिटवी म्हणाली, "बाहेरून काही दिसलं नसतं."

"बसला म्हणून," किल्लीवाला म्हणाला. "नाहीतर दिसला असता."

दुपारी बागेत झाडाखाली डबा सोडला. सूनबाई सवयीने वाढायला वाकली, तर सासूबाईंनी तिच्या हातातला डबा काढून घेतला. "बस खाली. आज हात लावायचा नाही." कुणी सांगितलं होतं त्यांना, कोण जाणे. किल्लीवाला उठला, हातरुमाल मनगटावर टाकला आणि कमरेत वाकून म्हणाला, "बाईसाहेब, काय आणू? आमच्याकडे उकडलेली अंडी आहेत, आणि उकडलेली अंडीच आहेत."

"मग अंडीच आणा," सूनबाई म्हणाली. "आणि जरा लवकर. किती वेळ बसवून ठेवता गिऱ्हाइकाला?"

टिटवी हसून हसून गवतावर आडवी झाली. सूनबाईने मांडी घालून, एकदाही न उठता, पोटभर खाल्लं. मीठ मागितलं, तेही हातात आणून दिलं गेलं.

नाट्यगृहात मात्र किल्लीवाल्याची काटकसर नडली. सज्ज्यातल्या स्वस्त जागांमधल्याही सगळ्यात स्वस्त जागा त्याने घेतल्या होत्या आणि त्या का स्वस्त, ते वर चढल्यावर कळलं. समोरच भलामोठा खांब. पडद्याचं एक टोक इकडून दिसे, दुसरं तिकडून, मधला सगळा भाग खांबाने गिळलेला.

"हे काय हो?" सूनबाई कुजबुजली.

"तिकीटवाला म्हणाला, थोडी अडचण आहे. मला वाटलं, पाय ठेवायला असेल."

सासूबाई म्हणाल्या, "असू दे रे. माझी बाजू दिसते इथून." पण मान वेळावून वेळावून त्यांची धडपड चालली होती. त्यांना जवळचं नीट दिसत नसे, लांबचं अजून स्वच्छ दिसे. आणि जे बघायला आल्या, ते खांबाआड. दोन टाके जिथे भेटले ती जागा.

सूनबाई उठली. जागा दाखवणारी बाई दाराशी टॉर्च घेऊन उभी होती, तिच्यापाशी गेली. "ताई, मधल्या पायऱ्यांवर जरा वेळ बसू का?"

"पायऱ्यांवर बसायचं नसतं. खेळ सुरू होतोय, जागेवर जा."

"आम्हाला खेळ बघायचाच नाही. पडदा बघायचाय. त्या माझ्या सासूबाई. त्यांनी शिवलाय तो."

टॉर्चवालीने आधी सूनबाईकडे बघितलं, मग खांबाआडून मान काढणाऱ्या म्हातारीकडे. वर्षानुवर्षं ती त्या दाराशी उभी होती. पडद्यामागचं बघायला आलेली माणसं तिने ढिगाने पाहिली होती.

"पडदा वर जाईपर्यंतच," ती म्हणाली. "मग उठायचं."

"उठणारच आहोत. आमची गाडी आहे."

चौघं मधल्या पायरीवर दाटीवाटीने बसले. समोर पडदा अख्खा. टिटवीसुद्धा गप्प झाली. लालसर, जड, वरपासून खालपर्यंत सरळ चुण्या, मखमल झिजून कुठे कुठे फिकी पडलेली. सासूबाईंनी हात पदराखाली घेतले होते आणि आत बोटं हलत होती, सुई धरल्यासारखी. सूनबाईला एकदम धास्ती वाटली. लोंबत असली तर? यांचीच बाजू लोंबत असली तर? एवढा खटाटोप करून आपण म्हातारीला हेच दाखवायला आणलं का?

दिवे मंदावले. कुठेतरी दोर करकरला आणि पडदा हलला.

कड जमिनीवरून सुटली. खालून उजेडाची एक रेघ निघाली आणि रुंद होत गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती रेघ सारखी होती. ना इकडे जाड, ना तिकडे बारीक. एका हाताने ताट उचलावं तसा पडदा वर गेला आणि दिसेनासा झाला. रंगमंचावर एक खोली होती, तिच्यात एक माणूस पाठमोरा उभा होता. तो वळला, बोलायला लागला आणि लोक हसले.

"चला," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, आत्ता तर सुरू झालं."

"आपलं झालं."

पायऱ्या चढताना कडेच्या खुर्चीवरच्या बाईने हळूच विचारलं, "काय हो, आवडलं नाही का?"

"आवडलं की," सासूबाई म्हणाल्या. "फार छान झालं."

गाडी धावत धावत गाठावी लागली. जागा मिळाल्यावर किल्लीवाल्याने आधी श्वास घेतला आणि मग विचारलं, "मग आई, निकाल काय? कुणाची बाजू?"

"जोड कुठे आहे ते शोधत होते," सासूबाई म्हणाल्या. "सापडलाच नाही. ती कुठे थांबली आणि मी कुठून लागले, काही कळलं नाही. घाईने टाका चांगला घातलाय."

"मग उद्या सांगा तिला," सूनबाई म्हणाली. "खूश होईल."

"छे. तिला सांगणार, तुझी बाजू हातभर लोंबत होती. सगळं नाट्यगृह बघत होतं."

"आजी, खोटं?" टिटवी म्हणाली.

"मग काय करू? पडदा तर आता उतरणार." सासूबाईंनी डब्याची पिशवी मांडीवर नीट घेतली. "खरं सांगितलं तर उद्यापासून ती आपल्या दारात येऊन भांडणार कशावरून?"