शेजारच्या खोलीतली टाळी

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. विजेवर नव्हे, बोटांच्या जोरावर चालणारा. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा काळा रंग इतका चकचकीत होता, की मला तपासणाऱ्या बाईंनी माझ्यात पाहून केस सारखे केले होते.

ओहायोतल्या पोलादाच्या गावात भट्टीवर राबणाऱ्या स्टीव्ह कोवालिक यांनी मला आपल्या मुलीसाठी घेतले. मुलीचे नाव मार्टा. पुढे राष्ट्राध्यक्षांची भाषणे लिहिण्यासाठी ती वॉशिंग्टनला निघाली, तेव्हा कपड्यांची पेटी टपावर बांधून तिने मला मांडीवर घेतले. त्या प्रवासात माझ्याएवढा गर्विष्ठ प्राणी साऱ्या अमेरिकेत नसेल.

राष्ट्राध्यक्ष हार्लन ब्रिगम जुन्या वळणाचे गृहस्थ होते. घरात, म्हणजे देशात, त्यांचे धोरण असे : कर कमी घ्यावेत, खर्चाला कात्री लावावी, लोकांच्या संसारात सरकारने लुडबुड करू नये. बाहेर : क्षेपणास्त्रे वाढवावीत, शत्रूपुढे मान तुकवू नये, मित्रराष्ट्रांना दुखवू नये. घरची भाषणे मार्टा लिही. बाहेरची लिही शेजारच्या खोलीतला गॅरेट लिंडक्विस्ट. त्याचा टाइपरायटर विजेचा होता, करड्या रंगाचा, गुरगुरणारा.

त्याचा मला किती हेवा वाटे म्हणून सांगू! शाळेतल्या जेवणाचे अनुदान का कापावे लागले, हे मी दिवसभर खटखट करून समजावीत असे. ते वाचून लोक तोंडे वाकडी करत. शेजारी 'स्वातंत्र्य' हा एक शब्द उमटला की सारी कचेरी टाळ्या वाजवी. त्या करड्याला दर आठवड्याला शाईची नवी फीत मिळे. माझी पुसट झाली तरी चाले.

मार्टाही जळत होती. एकदा ती म्हणाली, "तुझं बरं आहे रे गॅरेट. तू शत्रूला खडसावतोस नि टाळ्या घेतोस. आपल्या माणसांना 'नाही' म्हणून बघ एकदा!"

"मग 'हो' म्हण ना," गॅरेट हसत म्हणाला.

अशात मार्टाच्या गावातला पोलादाचा कारखाना बंद पडला. एका मित्रराष्ट्राचे स्वस्त पोलाद बंदरात उतरत होते. त्यावर जकात बसवा, अशी गावाची मागणी होती. पण त्याच मित्राच्या किनाऱ्यावर आमच्या लढाऊ जहाजांना आसरा होता. जकात बसणार नव्हती. तरीही राष्ट्राध्यक्षांनी त्या गावात सभा ठरवली आणि भाषण मार्टाकडे आले.

वडिलांचा फोन आला. "पोरी, जकात बसणार ना? युनियनशी वाकडं घेऊन मत दिलंय मी तुझ्या साहेबांना. लोक तोंडावर हसतायत."

"बाबा, तुम्ही सभेला या," एवढेच म्हणून तिने फोन ठेवला.

मग ती माझ्यासमोर बसली. कळा इतक्या जोरात आपटल्या की कागदाला भोके पडली. तिने लिहिले : 'दूरचा मित्र राखण्यासाठी मी तुमच्या भट्ट्या विझू दिल्या. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून मी आलो आहे.'

गॅरेटने वाचले आणि कपाळाला हात लावला. "अगं, वेड लागलंय का? माझा क्षेपणास्त्रांचा परिच्छेद घाल. लोक उठून टाळ्या वाजवतील."

"ते माझे बाबा आहेत, गॅरेट. प्रेक्षक नाहीत."

दुपारी राष्ट्राध्यक्ष स्वतः खोलीत आले. दोघांची पाने त्यांनी उभ्यानेच वाचली.

"मार्टा, हे बोललो तर ते गाव माझ्या हातून जाईल."

"जाईल, साहेब. पण न बोलता फसवलंत, तर तुमच्यावरचा विश्वासही जाईल."

"मला दोन्ही पाने दे," ते म्हणाले.

सभा आम्ही रेडिओवर ऐकली. माझे वाक्य आले. लगेच हुर्यो उठली. पुढे क्षेपणास्त्रांचा परिच्छेद आला. तेव्हा थोड्या टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी तोच परिच्छेद ठळक छापला. माझ्या वाक्याला आतल्या पानावरही जागा नव्हती. संतापाने माझी एक कळ अडकून बसली.

संध्याकाळी स्टीव्ह यांचा फोन आला. ते म्हणाले, "मी परत मत देणार नाही त्यांना. पण तोंडावर खरं बोलले बघ. आमच्या कारखानदारालासुद्धा जमलं नव्हतं ते. तुझं होतं ना गं ते वाक्य?"

"राष्ट्राध्यक्षांचं होतं, बाबा," मार्टा म्हणाली आणि माझ्यावर डोके टेकून रडली. त्या क्षणी तरी मला शेजारच्या खोलीतले काही नको होते.

तो क्षण टिकला नाही. त्या हुर्योपायी मार्टाकडून भाषणे काढून घेण्यात आली. ती नोकरी सोडून शिकवू लागली. तो करडा आज संग्रहालयात काचेच्या पेटीत बसला आहे. मुले रांग लावून त्याला पाहतात म्हणे. माझ्या डोक्यावर फुलझाडाची कुंडी आहे. पाणी जास्त झाले की ते माझ्या कळांत झिरपते.

मित्रांनो, घरी एखादे जुने यंत्र असेल, तर त्यावर कापड टाका, अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि एवढे जमत नसेल, तर निदान त्याच्यासमोर त्या संग्रहालयाचे कौतुक करू नका.