वाळूचं जाकीट

गिऱ्हाईक फार गोड बोलायला लागलं की मी सावध होते. हा तर बोलतच नव्हता. बिनबाह्यांचं जाकीट हवं होतं, आतून खिसेच खिसे, दुहेरी शिलाई. मापं लिहून आणलेली. खिशांत काय ठेवणार, विचारलं तर म्हणाला, "वजन." कोणासाठी? "घरातलंच माणूस आहे." माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

आमचे जावई पोलिसात, दहशतवादविरोधी पथकात. जेवायला आले, मशीनवरचं अर्धवट जाकीट बघितलं आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"आई, असल्या खिशांत बॉम्ब भरतात. हा माणूस उद्याच उचलतो. कितीही दिवस आत ठेवला तरी कोणी विचारणार नाही. कायदाच तसा आहे."

"आणि काही निघालं नाही तर?"

"एक निर्दोष आत गेलेला परवडतो. शंभर मेलेले नाही परवडत."

"कोणाला परवडतो?"

त्यांनी भाजी वाढून घेतली. मला राग आला. पण त्या गिऱ्हाइकाचीही धास्ती होतीच.

ट्रायल घेतल्याशिवाय मी कपडा देत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. म्हटलं, घालणाऱ्यालाच बोलावते, मग काय ते कळेल. जावई कसेबसे तयार झाले. "माझी माणसं समोर थांबतील. जाकीट घालून कोणी बाहेर पडलं, तर ती विचारत बसणार नाहीत."

गिऱ्हाईक धाकट्या भावाला घेऊन आलं. भाऊ चांगला तिशीचा, पण सारखा हात झटकत होता. मशीनचा आवाज ऐकून कान झाकून ओरडायलाच लागला. थोरल्याने पिशवीतली वाळू खिशांत भरली, खिशांची बटणं लावली आणि जाकीट त्याच्या अंगात चढवलं. हळूहळू त्याचे हात थांबले.

"अंगावर भार असला की त्याला बरं वाटतं, मावशी. लोक वेडा म्हणतात, म्हणून कोणाला सांगत नाही."

मला माझीच लाज वाटली. जावयांना फोन लावला. "वाळू आहे हो नुसती."

"ती तुम्ही बघितली, माझ्या माणसांनी नाही. जाकीट काढायला सांगा."

काढायला गेले तर भाऊ किंचाळला आणि थेट दाराकडे निघाला. समोर चपलांच्या दुकानाशी दोघं उभे होते, एकाचा हात कमरेशी. मी कात्रीने त्याच्या खालच्या खिशाचा तळ कापला, त्याचा दंड घट्ट धरला आणि त्याच्या पुढे होऊन बाहेर पडले. पायरीवर, रस्त्यावर वाळू सांडत गेली. कमरेवरचा हात खाली आला तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

तो खिसा मी पुन्हा शिवून दिला. दोघं भाऊ सुखरूप घरी आहेत.

चपलांच्या दुकानाशी मात्र अजून एक जण उभा असतो. जावयांना विचारलं, आता कोणावर नजर?

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आई, आम्ही बाहेर असल्याचं तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही त्याच्या आड का आलात, हे वरचे विचारतायत."